इंदूरच्या दुर्गाबाई

मी इंदूरची, असं सांगितलं की मुंबईत पहिला प्रश्न पोहे-जिलेबीचा येतो आणि दुसरा, तिकडे मराठी बोलतात का? पूर्वी मी होळकरांचं नाव घेऊन सुटायचे. आता दुर्गाबाई भागवतांचं घेते. १० फेब्रुवारी १९१० रोजी त्या इंदूरला जन्मल्या. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांच्याशी झगडून तो मिळवणाऱ्या कमला सोहोनी या त्यांच्या धाकट्या बहीण. म्हणजे मुकाट्याने ऐकून घ्यायची सवय त्या घरातच नसावी!

आपल्याला दुर्गाबाई माहीत असतात त्या 'ऋतुचक्र'मुळे. बारा महिन्यांची झाडं, फुलं, पाखरं इतक्या प्रेमाने बघणारी बाई भांडखोर असेल असं वाटत नाही. त्या होत्याही अभ्यासकच. लोकसाहित्य, बौद्ध वाङ्मय, महाभारत हे त्यांचे विषय. मध्य प्रांतात आदिवासींमध्ये हिंडताना विषारी सुरण खाण्यात आला आणि पुढे कित्येक वर्षं आजारपणात गेली. पण वाचन-लेखन सुटलं नाही. 'पैस'ला १९७१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. राजकारणाशी तसा संबंध नव्हता. मग तुरुंगात कशा गेल्या?

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधी नेते मिसाखाली आत गेले. आमच्या इंदूरच्या 'नई दुनिया'ने तेव्हा अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. बाकी बहुतेक ठिकाणी लोक आवाज खाली आणून बोलू लागले.

त्याच वर्षी डिसेंबरात कराडला ५१वं मराठी साहित्य संमेलन भरलं आणि दुर्गाबाई अध्यक्ष झाल्या. त्याआधी हा मान एकाच स्त्रीला मिळाला होता, कुसुमावती देशपांडे यांना, १९६१ साली ग्वाल्हेरला. कराडचे स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, त्या गावचे लाडके नेते आणि केंद्रात परराष्ट्रमंत्री. ज्या सरकारने लेखणीवर पहारा बसवला, त्याच सरकारचा मंत्री यजमान! खरी पंचाईत इथेच होती. मंडप त्यांचा, पाहुणचार त्यांचा. ऋतूंवर, लोककथांवर छान बोलून घरी आलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती.

दुर्गाबाईंनी तसं केलं नाही. लेखनस्वातंत्र्यावरच्या बंधनांचा त्यांनी भर मंडपात निषेध केला. जयप्रकाश नारायण तेव्हा मूत्रपिंडाच्या विकाराने गंभीर आजारी होते. त्यांना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करायला त्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. एका आजारी माणसासाठी प्रार्थना! एरवी यात काय आहे? पण तेव्हा ते नाव जाहीरपणे घेणंच धाडसाचं होतं.

पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. कुठे, तर फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, जिथे त्या वर्षानुवर्षं वाचत बसायच्या. तिथून आर्थर रोड तुरुंग. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सांगून टाकलं होतं, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. पाचांपैकी एकट्या न्या. खन्नांचं मत वेगळं पडलं. म्हणजे आत गेलेल्याला दाद कुठेच नव्हती. त्यावेळी दुर्गाबाई ६६ वर्षांच्या होत्या.

सुटल्यावरही त्या गप्प बसल्या नाहीत. १९७७ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांविरुद्ध बोलल्या. पुढे पद्मश्रीसारखे सरकारी सन्मान नाकारले आणि पुन्हा आपल्या पुस्तकांकडे वळल्या. ७ मे २००२ रोजी त्या गेल्या.

आता माझी गोष्ट. शाळेत असताना भित्तिपत्रकावरची माझी एक कविता, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी काढून टाकली. गावातल्या खड्ड्यांवर होती, बस्स! पाहुण्यांना वाईट वाटेल, असं कारण सांगितलं. मला ते पटलं नव्हतं, पण मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाहुण्यांना गुलाबाचं फूलही दिलं.

कराडची हकीकत वाचली तेव्हा मला ते फूल आठवलं. हुकूम दिल्लीहून सुटत असेल, पण तो पाळायचा की नाही हे गावातल्या मंडपात, वाचनालयात, शाळेच्या फळ्यापाशी ठरतं. आणि तिथे समोर बहुतेक वेळा कुणी दुष्ट माणूस नसतो. आपला यजमान असतो, आपल्या बाई असतात. त्यांचा मान ठेवूनही नाही म्हणता येतं, हे मला दुर्गाबाईंमुळे कळलं. जमेल की नाही, ते पुढच्या वेळी बघू.

कविता मात्र मी जपून ठेवली आहे. खड्डेही अजून आहेत.