नळाच्या पाण्याने फोडलेलं गुपित

दवाखान्यात सलाईनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' हे नाव आपण अनेकदा वाचतो. डॉक्टर त्याला नुसतं 'आरएल' म्हणतात. पण रिंगर हा एक हाडामांसाचा माणूस होता, हे किती जणांना ठाऊक असतं?

सिडनी रिंगर इंग्लंडमधल्या नॉर्विचचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तो शिकला आणि तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर झाला. १८६९ साली निघालेल्या औषधोपचारावरच्या पुस्तकाने त्याचं नाव झालं. पण पेशंट तपासून झाले, की हा गडी प्रयोगशाळेत हजर! बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवायला कोणते क्षार लागतात, हे तो शोधत होता.

१८८२ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. नंतर लक्षात आलं, की आपण ज्याला डिस्टिल्ड वॉटर समजत होतो ते चक्क नळाचं पाणी होतं! खऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये मीठ घालून पाहिलं, तर ठोके मंदावत बंद पडले. थोडं कॅल्शियम घातलं, की पुन्हा सुरू. आमच्या खर्ड्याला बोअरचं पाणी तापवून तापवून भांड्याला पांढरा थर बसतो ना, त्यातलंच हे कॅल्शियम.

आज आपल्याला कारणही माहीत आहे. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम हृदयाच्या पेशीत शिरतं, आतल्या साठ्यातलं आणखी कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आकुंचन पावतो. मग ते परत साठ्यात खेचलं जातं. हाच साठा अवेळी गळू लागला, तर ठोके चुकतात, लय बिघडते. म्हणूनच व्हेरापामिलसारखी कॅल्शियमची वाट अडवणारी औषधं काही वेळा धावतं हृदय आवरायला देतात.

मला मात्र मोठं वाटतं ते रिंगरचं पुढचं पाऊल. १८८३ मध्ये त्याने पाण्याची भानगड स्वतःच छापून टाकली आणि आधीचे निष्कर्ष सुधारले. नाव गेलं नाही, उलट १८८५ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १९१० साली तो वारला. १९३२ मध्ये अमेरिकेच्या हार्टमननी त्याच्या द्रावणात लॅक्टेट घातलं आणि आजचं आरएल तयार झालं.

प्रॅक्टिकलला ग्राफ सरळ यावा म्हणून रीडिंग 'जुळवणाऱ्या' मित्रांनो, रिंगरने तसंच जुळवलं असतं तर कॅल्शियम नळातच राहिलं असतं!