विश्लेषण : खडकीत पेशव्यांशी लढलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने महाशीरला मराठी नाव कसे दिले?

गळाला बनावट माशी बांधायची, खासगी तलावावर दिवसभराचे पैसे भरायचे, मोठा ट्राउट लागला की फोटो काढून परत पाण्यात सोडायचा. युरोप-अमेरिकेत या छंदाची मोठी बाजारपेठ आहे. तलाव म्हटले तर चंद्रपूर आणि गडचिरोलीत काही कमी नाहीत. १९५१मध्ये मालगुजारी संपेपर्यंत त्यातले बरेचसे खासगीच होते, म्हणून तर आज त्यांना ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पण ट्राउट इथे टिकणार नाही. त्याला साधारण २० अंशांच्या आतले, प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. इंग्रजांनी भारतात ट्राउट नेला तो निलगिरीत आणि काश्मीरमध्ये. बाकी ठिकाणी त्यांचे गळ वळले ते महाशीरकडे.

यातल्या दख्खनी महाशीरचे शास्त्रीय नाव आहे ‘टोर खुद्री’. यातले ‘खुद्री’ लॅटिन नाही. पुण्याजवळच्या नदीकाठी लोक माशाला जे म्हणत, ते एका फौजी अधिकाऱ्याने जसेच्या तसे उचलले. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

कोण होते साइक्स?

जन्म १७९०चा. वयाच्या १३-१४व्या वर्षी, म्हणजे आज आपल्याकडे मुले आठवीत असतात तेव्हा, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८०५मध्ये भरतपूरच्या वेढ्यात होते. नोव्हेंबर १८१७मध्ये खडकीला दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर आली, तेव्हा साइक्स देशी पलटणीचे नेतृत्व करत होते. त्यानंतर पुण्याची लढाई, मग डोंगरी किल्ले. थोडक्यात, मराठी सत्ता संपवणाऱ्यांमध्ये ते होते. पुढचे सगळे वाचताना हे विसरून चालणार नाही.

१८२० ते १८२४ ते युरोपात फिरले. परतल्यावर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना नवे काम दिले : नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनची आकडेवारी गोळा करणे. पद होते ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’. गावे किती, माणसे किती, पिके कोणती, जमीन कोणाकडे, पाऊस किती. कंपनीला हे महसुलासाठी हवे होते. साइक्स मात्र त्यावर थांबले नाहीत. पाखरे, जनावरे, मासे, हवेचा दाब, जे दिसेल ते त्यांनी वहीत टिपले. डोंगरांची उंची मोजायला ते साधा तापमापक वापरत. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते. त्या फरकावरून उंची काढायची. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आम्ही हे सूत्र पाठ केले होते, घाटात चूल पेटवून कोणी ते वापरले असेल हे तेव्हा डोक्यात आले नव्हते.

पद रद्द झाले, काम नाही

डिसेंबर १८२९मध्ये कंपनी सरकारने हे पदच रद्द केले. साइक्स यांनी लष्करी कामातून रजा घेतली आणि नोंदी पुऱ्या करत राहिले. १८३१मध्ये ते भारतातून गेले, ते वह्या घेऊनच. पुढची काही वर्षे लंडनमध्ये त्या वह्यांचे शोधनिबंध होत गेले.

१८३१मध्ये रानकुत्र्याचे वर्णन आले. मराठी लोक त्याला कोळसून म्हणतात, अशी नोंद साइक्स यांनी केली होती. त्यांना तो स्वतंत्र प्रजाती वाटला. तसे नव्हते, पण द्वीपकल्पातल्या उपप्रजातीचे ‘दुखुनेन्सिस’ हे नाव कायम राहिले. ताडोबात जिप्सीतून रानकुत्र्यांची टोळी दिसली की गाइड वाघाइतक्याच उत्साहाने हात करतो, ती हीच. १८३२मध्ये पक्ष्यांची यादी आली. तिच्यात ढोकरी होती, म्हणजे मामा तलावाच्या काठाला मान आखडून तासन् तास उभा राहणारा मातकट बगळा. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णनही साइक्स यांचेच.

गंमत अशी की साइक्स यांच्या सर्वेक्षणात चांदा नव्हताच. हा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा होता आणि कंपनीकडे आला तो १८५३नंतर.

माशांची नावे मराठी का?

दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध १८३९चा. त्यात भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे आहेत. त्या काळातले अनेक अभ्यासक प्रजातीला आपल्या वरिष्ठाचे किंवा ग्रीक देवाचे नाव देत. साइक्स यांनीही काही नावे ओळखीच्या इंग्रजांना वाहिली. पण बरीचशी नावे त्यांनी जाळे टाकणाऱ्यांकडून घेतली. खुदरी त्यातलाच. कोळस माशाचे झाले ‘कोलुस’. नाकावर खाच आणि वर उंचवटा असलेल्या माशाला लोक नकटा म्हणत. त्याचे शास्त्रीय नाव आजही ‘नुक्ता’च आहे. ज्यांनी ही नावे सांगितली, त्या कोळी-भोयांची नावे मात्र निबंधात नाहीत.

या कामात एक मोठी उणीव राहिली. खुदरीचे वर्णन ज्या माशावरून केले, तो मूळ नमुना आज कुठल्याही संग्रहालयात सापडत नाही. ‘मुसुल्ला’ या दुसऱ्या मोठ्या माशाचेही तेच. तो महाशीर की वेगळ्याच कुळातला, यावर अभ्यासकांचा वाद अलीकडेपर्यंत चालला.

पुढे काय झाले?

साइक्स १८४०मध्ये कंपनीचे संचालक आणि १८५६मध्ये अध्यक्ष झाले. १८५७पासून मृत्यूपर्यंत ॲबर्डीनचे खासदार. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मद्रासचे सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक आले आणि महाशीर इंग्रज गळकऱ्यांमध्ये गाजला.

खुदरीची गोष्ट मात्र इथे संपत नाही. धरणांनी नद्या अडल्या, मासा घटला. १९७०च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीजनिर्मितीच्या तलावांकाठी, म्हणजे पुन्हा खासगी पाण्यावरच, मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी खुदरीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. तिथली लाखो पिले देशभर गेली. काही कावेरीत सोडली गेली. तिथे आधीपासून एक स्थानिक, कुबडाचा महाशीर होता. खुदरी वाढला आणि तो ओसरला. कुबडाच्या माशाला निश्चित शास्त्रीय नाव मिळाले ते थेट २०१८मध्ये, तोवर तो अतिसंकटग्रस्त यादीच्या दारात होता. नाव नसलेल्या माशासाठी कोणती योजना आखणार?

मामा तलावांत आज बहुतांश रोहू, कटला आणि मृगळचे बीज सोडले जाते. लिलाव आणि ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. ढिवर समाजातल्या जुन्या माणसांना या बाहेरच्या बीजाशिवाय तलावात आपोआप येणारे लहान मासे वेगवेगळ्या नावांनी ठाऊक आहेत.