एक्स-रे नव्हता तेव्हा: डॉ. आनंदीबाई जोशींना क्षयाने का गाठलं?

छातीचा एक्स-रे काढायला काही मिनिटं लागतात. पण गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, गट्टा किंवा जारावंडीच्या पलीकडच्या एखाद्या टोल्यावरून त्या मशीनपर्यंत पोचायचं तर दिवसाची मजुरी बुडते. मग खोकला अंगावर काढला जातो.

आजार छातीत असतो, पण त्याची कारणं घरात, ताटात आणि रस्त्यावरही असतात. हे समजून घ्यायला आपल्या ओळखीचंच एक आयुष्य पाहू.

यमुनेची आनंदी

१८६५ साली कल्याणच्या घराण्यात यमुना जन्मली. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला, वयाने सुमारे २० वर्षांनी मोठे. त्यांनी नाव आनंदी ठेवलं आणि बायकोला शिकवायचंच असा हट्ट धरला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. योग्य उपचाराअभावी तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं, हे आनंदीबाईंच्या मनाने तेव्हा घेतलं.

१८८३ मध्ये त्या कोलकात्याहून नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या. समुद्र ओलांडणं तेव्हा धर्मबाह्य मानलं जाई. तब्येत निघण्याआधीच नाजूक होती.

थंडी की धूर?

फिलाडेल्फियात कडाक्याची थंडी, अंगावर नऊवारी, शाकाहाराचा नेम आणि पैशांची चणचण. खोलीतली शेकोटी धूर सोडायची, असं त्यांच्या चरित्रात येतं. म्हणजे एकतर गारठायचं, नाहीतर धूर प्यायचा. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळवली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूकही झाली. पण परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

एक्स-रेने काय दिसलं असतं?

रोंटगेन यांना एक्स-रे सापडला नोव्हेंबर १८९५ मध्ये, म्हणजे सुमारे पावणेनऊ वर्षांनी. हवेने भरलेलं फुफ्फुस या चित्रात काळं दिसतं, हाडं पांढरी. क्षयात फुफ्फुसावर, बहुतेकदा वरच्या भागात, पांढुरके डाग येतात. कधी पोकळीही दिसते. मात्र असे डाग इतर आजारांतही येतात, म्हणून खात्रीसाठी थुंकी तपासावीच लागते.

समजा, आनंदीबाईंचा एक्स-रे निघाला असता तरी क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. त्या काळी हातात होतं ते एवढंच: ऊब, पोटभर सकस अन्न, धूर नसलेली खोली आणि विश्रांती. नेमकं तेच त्यांना मिळालं नाही.

मग आज काय?

आज औषध आहे, हातात धरून नेता येणारी एक्स-रे मशीनही आहे. तरी अन्नाचा प्रश्न जुना झालेला नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा रेशन दिलं, तेव्हा त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारही उपचार सुरू असलेल्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये देतं.

म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन घटत असेल, तर आशाताईंना सांगा. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आणि एटापल्लीतला कुणी उशिरा दवाखान्यात आला, तर त्याला बोल लावण्याआधी विचारा: रस्ता होता का? चुलीचा धूर किती? ताटात काय होतं?

फोटो फक्त फुफ्फुसाचा निघतो. ही उत्तरं विचारूनच कळतात.