विश्लेषण : होलोग्रामच्या जनकाची प्रतिमा धूसर का होती?

अंबरनाथमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. शरीररचना शिकवण्यासाठी होलोग्राफिक डिस्प्लेचा पर्याय जगभर चर्चेत आहे. मात्र त्यातील प्रतिमा किती विश्वासार्ह, हा प्रश्न या तंत्राचे जनक डेनिस गॅबोर यांनाही सुटला नव्हता.

गॅबोर यांचा जन्म १९०० मध्ये बुडापेस्टला झाला. बर्लिनमध्ये इंजिनीअर झालेल्या, ज्यू वंशाच्या गॅबोर यांना हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. १९४७ मध्ये इंग्लंडमधील रग्बी येथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची प्रतिमा सुधारताना त्यांना होलोग्राफी सुचली. यात लहरींच्या तीव्रतेबरोबर त्यांचा ‘फेज’ही नोंदवला जातो, त्यामुळे खोली दिसते. पण मूळ प्रतिमेवर तिचीच जुळी, धूसर प्रतिमा पडत असे.

१९६० मध्ये लेझर आला. त्यानंतर अमेरिकेत लीथ आणि उपाटनिएक्स यांनी संदर्भकिरण तिरका टाकून जुळी प्रतिमा बाजूला केली. गॅबोर यांना १९७१ मध्ये नोबेल मिळाले. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

लेझरने मात्र नवा दोष आणला. ‘स्पेकल’ म्हणजे प्रतिमेवरील दाणेदार ठिपके. त्यात बारीक रचना हरवतात. त्यामुळे असा डिस्प्ले घेताना स्पष्टता, कॉन्ट्रास्ट, खोली आणि स्पेकल तपासायला हवे. विद्यार्थ्याला मज्जातंतू आणि रक्तवाहिनी वेगळी ओळखता येते का, हीच खरी कसोटी.