डॉ. होमी भाभा आणि अदृश्य किरणांचे माप

जे डोळ्यांस दिसत नाही, त्याचे माप घेणे हेच विज्ञानाचे कठीणातले कठीण काम होय. डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे चरित्र वाचताना आम्हांस याची पदोपदी आठवण होते.

मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात ३० ऑक्टोबर १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. मुलाने एंजिनियर व्हावे, अशी वडिलांची इच्छा. म्हणून १९२७ साली ते केंब्रिजला गेले. तो अभ्यास त्यांनी पुरा केला, तथापि मन पदार्थविज्ञानाकडेच ओढ घेई. विश्वकिरणांची सर वातावरणात कशी वाढत जाते, याची गणिती उपपत्ती त्यांनी १९३७ साली हाइटलर यांच्यासह मांडली. १९३९ साली ते सुटीत स्वदेशी आले असता महायुद्ध पेटले, आणि ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. मुंबईनजीक तुर्भे येथे अणुसंशोधन केंद्र उभारून ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू केली. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समध्ये विमान कोसळून त्यांचा अंत झाला.

त्यांच्या पश्चात १९७४ साली तुर्भे येथे ‘आयसोमेड’ हा प्रकल्प सुरू झाला. वैद्यकीय साधने बंद वेष्टनातच गॅमा किरणांनी निर्जंतुक करणे, हे त्याचे कार्य. अशा कामी सामान्यतः २५ किलोग्रे मात्रा देतात. मनुष्यास याचा पाच हजारावा अंशही प्राणघातक ठरू शकतो. परंतु किरण लागलेली सुई आणि न लागलेली सुई दिसावयास सारखीच! मात्रा उणी पडली तर जंतू उरतील, फार झाली तर प्लास्टिक ठिसूळ होईल.

एवढी प्रचंड मात्रा मोजण्यास जगभर रंजकयुक्त पातळ फिती वापरतात. नायलॉनच्या अशाच एका फितीतील रंजक मूळचे रंगहीन असते; किरण पडताच ते निळे होते. मात्रा जितकी अधिक, तितका रंग गडद. यंत्राने ती गडदता मोजून मात्रा ठरवितात. ऊन व दमटपणा यांनी माप चुकते, म्हणून फीत बंद पाकिटात ठेवतात.

आमच्या करवीर नगरीतील रुग्णही अशाच निर्जंतुक सुईवर विश्वासून हात पुढे करतो. विद्यार्थिमित्रहो, तो विश्वास काटेकोर मोजमापावर उभा आहे. ज्या महापुरुषाने या विद्येचे पीठ आपल्या प्रांती उभारले, त्याचे ऋण आपण प्रयोगशाळेतील प्रत्येक माप चोख घेऊनच फेडू या.