रूआँच्या तुरुंगातील जोन

ऑर्लेयाँचा विजय आम्ही वर्गात पुष्कळ वेळा शिकविला. परंतु जोन ऑफ आर्कची खरी कसोटी रूआँच्या तुरुंगात लागली, असे आता वाटते. १४३१ च्या फेब्रुवारीत ती बिशप कोशाँपुढे उभी राहिली, तेव्हा तिचे वय अवघे एकोणीसच्या सुमाराचे होते. नाव विचारता, गावी जानेत व फ्रान्सात जान (हीच आपली जोन) म्हणतात, असे तिने सांगितले. आडनाव ठाऊक नव्हते. पायांत बेड्या, कोठडीत पहाऱ्यास इंग्रज शिपाई! चर्चच्या कारागृहात ठेवावे, ही तिची मागणी कोणी ऐकली नाही. पुरुषवेषाचा तिचा हट्ट ज्यांस विचित्र वाटतो, त्यांनी हा पहारा ध्यानी घ्यावा.

२४ मे रोजी शिक्षेचे वाचन सुरू होताच तिचा धीर सुटला. तिने माघारपत्रावर खूण केली, स्त्रीवेष घेतला, जन्मठेप झाली. चारच दिवसांनी ती पुन्हा पुरुषवेषात आढळली, आणि आगीच्या भयानेच आपण माघार घेतली, हे तिने स्वतः मान्य केले. चरित्रकारांनी हे भय झाकू नये, असे आमचे मत आहे. ३० मे रोजी तिला जिवंत जाळले.

१४५६ साली तो निकाल रद्द झाला. त्यासाठी दाद मागावयास तिची वृद्ध आई इझाबेल पॅरिसला गेली होती.