टायरवरचं नाव

डिचोलीहून दोडामार्गाच्या वाटेला लागलं, की हद्दीपलीकडे काजूच्या बागांमध्येच सरळ रांगेत लावलेली उंच झाडं दिसू लागतात. खोडावर तिरकी चीर आणि तिच्याखाली बांधलेली वाटी. हे रबर. काजूसारखंच मूळचं ब्राझीलकडचं. काजू पोर्तुगीजांनी आणला आणि तो आपला होऊन गेला. रबर मात्र या भागात खूप उशिरा, केरळच्या बागायतदारांबरोबर आलं. या झाडाच्या चिकापासून केलेलं कच्चं रबर उन्हाळ्यात मऊ पडून चिकटतं आणि कडक थंडीत ताठ होऊन तडकतं. त्याला कामाचं करणाऱ्या माणसाचं नाव आपण टायरवर वाचतो: चार्ल्स गुडइअर.

29 डिसेंबर 1800 रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन या गावी त्याचा जन्म झाला. वडील अमासा लोखंडी सामान आणि बटणं बनवत. मुलगा देवभीरू होता, तरुणपणी धर्मोपदेशक व्हायचा विचारही त्याच्या मनात होता. पण तो वडिलांच्या धंद्यात गेला. 1824 मध्ये क्लॅरिसा बीचरशी त्याचं लग्न झालं. पुढे फिलाडेल्फियात त्याने दुकान थाटलं. उधारी थकली, धंदा बुडाला आणि 1830 च्या सुमारास तो कर्जबाजारी झाला. त्या काळी कर्ज फेडता आलं नाही तर तुरुंगात जावं लागे. ती वारी त्याला आयुष्यभर चुकली नाही.

1834 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रबराच्या दुकानात त्याने पाण्यात तरंगायचं साधन पाहिलं आणि त्याची झडप सुधारून दुकानदाराला नेऊन दाखवली. तेव्हा त्याला कळलं, की दुखणं झडपेचं नाही, रबराचंच आहे. विकलेला माल उन्हाळ्यात वितळून परत येत होता आणि कंपन्या बसत होत्या. हे कोडं सोडवणं हेच देवाने आपल्याला नेमून दिलेलं काम आहे, असं गुडइअरच्या मनाने घेतलं. त्याला रसायनशास्त्राचं शिक्षण नव्हतं. पहिले प्रयोग त्याने तुरुंगातच केले, तेही बायकोचं लाटणं मागवून घेऊन!

आधी त्याने रबरात मॅग्नेशिया मिसळून पाहिला. त्याचे केलेले जोडे पुढच्या उन्हाळ्यात वितळले. मग नायट्रिक आम्लाने रबर धुतलं. वरचा चिकटपणा गेला. सरकारने टपालाच्या 150 पिशव्यांची मागणी दिली, पण त्या उकाड्यात टांगल्या जागीच ओघळल्या, कारण आम्लाचा गुण फक्त पृष्ठभागापुरता होता. त्या आम्लाच्या वाफेने तर एकदा त्याचा जीवच जायचा होता. एवढ्यात नॅथॅनिएल हेवर्ड या माणसाची गाठ पडली. तो रबरात गंधक घालून उन्हात वाळवत असे. गुडइअरने त्याचे हक्क घेतले.

1839 मध्ये, वूबर्न गावी, गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. ही गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगतात, पण मुद्दा एकच. रबर वितळायला हवं होतं, ते चामड्यासारखं करपलं. करपलेल्या भागाच्या कडेला मात्र एक पट्टी अशी होती, जी उष्णतेला वितळेना आणि थंडीत ताठ होईना. योगायोग खरा, पण पाच वर्षं त्याच प्रश्नाशी झगडणाऱ्यालाच त्याचा अर्थ लागला.

रबराचे रेणू म्हणजे शिजवलेल्या शेवयांसारखे लांब धागे, एकमेकांवरून घसरणारे. गंधक आणि उष्णता मिळून या धाग्यांना जागोजागी गाठी मारतात. मग ताण दिला तर रबर लांबतं आणि सोडलं तर मूळ जागी येतं. गाठी वाढवल्या तर एबोनाइटसारखं कडक होतं. हे शास्त्र पुष्कळ नंतर उलगडलं. गुडइअरला फक्त परिणाम दिसत होता.

उष्णता किती आणि किती वेळ, हे शोधण्यात आणखी काही वर्षं गेली. कधी क्लॅरिसाच्या चुलीवर, कधी कुणाच्या भट्टीत. घरात खायला नव्हतं. त्याने मुलांची शाळेची पुस्तकं विकली. एक तान्हं मूल गेलं, तेव्हा पुरायलाही पैसे नव्हते. बारा मुलांपैकी सहा लहानपणीच गेली.

15 जून 1844 रोजी त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. पण इंग्लंडमध्ये त्याचे नमुने पाहिलेल्या थॉमस हॅनकॉकने आधीच अर्ज केला होता. अग्निदेव व्हल्कनवरून या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन हे नाव पडलं, तेही हॅनकॉकच्या मित्राने सुचवलेलं. 1852 चा मोठा खटला गुडइअर जिंकला, पण वकील डॅनिएल वेबस्टर यांची फी 15,000 डॉलर होती. 1853 मध्ये क्लॅरिसा वारली. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला, आणि त्याच मुक्कामात कर्जापायी तुरुंगही. 1 जुलै 1860 रोजी, मरणाला टेकलेल्या मुलीला भेटायला निघालेला असताना, न्यूयॉर्कमध्ये तो वारला. मुलगी त्याच्याआधीच गेली होती. मागे राहिलं सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज. त्याच्या नावाची टायर कंपनी 1898 मध्ये निघाली. तिचा त्याच्याशी किंवा त्याच्या घराण्याशी काही संबंध नव्हता.

आज मोटारीच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराबरोबर स्टायरिन-ब्युटाडाइनसारखं कृत्रिम रबर मिसळतात. एकाची ताकद, दुसऱ्याची झीज सोसण्याची क्षमता. दोघांना एकत्र बांधतं ते गंधकच. पेडण्यात मोपाच्या धावपट्टीवर टेकणाऱ्या विमानाच्या टायरमध्ये मात्र अजूनही झाडाच्या रबराचाच भरणा जास्त, कारण तो धक्का आणि ती उष्णता तेच अधिक चांगलं सोसतं.

त्याची चिकाटी थोर, यात शंका नाही. पण ती त्याची एकट्याची नव्हती. लाटणं दिलं, चूल दिली, उपास काढले ते क्लॅरिसाने आणि मुलांनी. त्यांना कुणी विचारलं होतं का? त्याच्या चरित्रात आपण बहुतेक शेगडीचाच प्रसंग लक्षात ठेवतो. ती विकलेली पुस्तकंही लक्षात ठेवायला हवीत.